सांगली-मिरजेहून जर्मनीला निघालात? पहिल्या वर्षाची तयारी

महाराष्ट्र सरकारने 2024 साली जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडे जर्मनीची चौकशी वाढली आहे. मिरजेच्या दवाखान्यांतल्या नर्सेस, इस्लामपूर-विट्याकडचे आयटीआय झालेले इलेक्ट्रिशियन, सांगलीच्या वालचंद कॉलेजमधून बाहेर पडलेले इंजिनियर, सगळे विचारतात. प्रश्न बहुतेक व्हिसा आणि पगाराचे असतात. तिथं राहायचं कसं, लोकांत मिसळायचं कसं, हे क्वचितच कुणी विचारतं. मी त्याच राज्याच्या राजधानीच्या, श्टुटगार्टच्या परिसरात बरीच वर्षं काढून आता सांगलीच्या विश्रामबागला परत आलोय आणि जर्मनचे वर्ग घेतो. हा लेख त्या न विचारलेल्या भागाबद्दल आहे.

परमुलखात रुळणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. खानापूर, आटपाडी, तासगावकडची गलाईवाली मंडळी सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ती वितळवून शुद्ध करण्याच्या कामासाठी, पिढ्यान्‌पिढ्या देशभर गेली. तिकडची भाषा अस्खलित बोलतात, मुलं तिकडच्या शाळेत घालतात आणि गावच्या जत्रेला न चुकता हजर असतात. ही माणसं टिकली ती दोन गोष्टींवर: बाजारात चालणारी भाषा पटकन उचलली आणि आपल्या माणसांची ओळख घट्ट धरून ठेवली. यातली पहिली गोष्ट जर्मनीत जशीच्या तशी उपयोगी पडते. दुसरीवर विसंबलात तर अडकाल. सांगलीत कुठलंही काम निघालं की आपला पहिला प्रश्न असतो, "तिथं कोण ओळखीचं आहे का?" जर्मनीत ओळखीचं कुणी निघालंच, तर तोही म्हणणार, अपॉइंटमेंट घे आणि कागद घेऊन ये. यात तुसडेपणा काही नसतो. नियम लेखी असतो, तो तुम्ही वाचला असेल असं समोरचा धरून चालतो, आणि न वाचल्याचा त्रास आपल्याला होतो. पुढचं बरंचसं यातूनच निघतं.

निघण्याआधी: नाव, भाषा, बॅग

सगळ्यात आधी नाव. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव पहिलं, पासपोर्टवर शेवटी, आधारवर वडिलांचं नाव अर्धवट, लग्नानंतर नर्सिंगच्या रजिस्ट्रेशनवर तिसरंच काहीतरी. आपल्याकडे "अहो, तेच ते" म्हटलं की चालून जातं. तिकडचा कारकून अक्षरन्‌ अक्षर ताडून बघतो. त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगसकट सगळीकडे एकच नाव करून घ्या आणि ते पासपोर्टप्रमाणे ठेवा. पासपोर्टवर तुमच्या नावापुढे वडिलांचं नाव असेल तर तिकडच्या बँकेच्या कार्डावर, विम्याच्या कार्डावर तेही येणार. दरवेळी तसंच पूर्ण लिहा. ज्यांचं नाव लग्नानंतर बदललं त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला आणि त्याचं शपथबद्ध अनुवादकाकडून केलेलं जर्मन भाषांतर जवळ ठेवावं. एकाच माणसाच्या दोन स्पेलिंगमुळे फाइल महिनोन्‌महिने पडून राहिलेली मी पाहिली आहे.

भाषेचं थोडक्यात सांगतो, कारण वर्गात रोज तेच सांगतो. नर्सिंगचा परवाना मिळायला साधारण बी2 पातळी (ए1 ते सी2 या सहा पातळ्यांतली चौथी) लागते. परीक्षेसाठी पुण्याचं किंवा मुंबईचं मॅक्स म्युलर भवन आहे. पण परीक्षा पास होणं वेगळं आणि श्टुटगार्टच्या ट्राममधल्या आजीबाईंचं कळणं वेगळं. पुण्याच्या मराठीपासून आटपाडीच्या माणदेशी बोलीचं जेवढं अंतर, त्याहून जास्त अंतर पुस्तकी जर्मन आणि तिथल्या श्वेबियन बोलीत आहे. पहिले काही महिने काहीच कळत नाही असं वाटलं तर घाबरू नका. "जरा सावकाश बोलाल का?" हे वाक्य मात्र झोपेत विचारलं तरी म्हणता आलं पाहिजे.

एजंटबद्दल एकच सांगतो. परदेशी नोकरीसाठी पाठवणाऱ्यांची नोंद केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. तिथं नाव नसेल तर, माणूस कितीही गोड बोलत असला आणि तुमच्या मामाच्या ओळखीचा असला तरी, पैसे देऊ नका. करार जर्मनमध्ये असेल तर सही करण्याआधी स्वतःच्या माणसाकडून वाचून घ्या.

आता बॅग. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे, घरचं तूप, खव्याची बर्फी, सगळं इथंच राहणार. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या आणि आंबेसुद्धा झाडांच्या आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. भडंग, कांदा-लसूण मसाला, हळद, शेंगदाण्याची चटणी, गूळ, पोहे न्या. आईला हे पटवणं व्हिसापेक्षा अवघड आहे, याची मला कल्पना आहे. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह तुमच्या वापरापुरतीच न्या. कुकर न्यावा. तिकडची वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची, आपल्या बारीक दोन पिनांचा चार्जर बहुधा बसतो, जाड तीन पिनांचा प्लग बसत नाही.

पहिले दोन आठवडे

घर मिळालं की पहिलं काम: टपालपेटीवर आणि बेलवर स्वतःचं आडनाव लावा. हे हसण्यावारी नेऊ नका. जर्मनीत पोस्टमन फ्लॅटचा नंबर बघत नाही, नाव बघतो, आणि "पाटलांच्या वरच्या मजल्यावर, नवीन भाडेकरू" असा पत्ता तिथं चालत नाही. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. आणि तिथलं सगळं आयुष्य पत्रावर चालतं: बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, कराचा नंबर, दंडाची नोटीस.

दुसरं काम आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करायची असा कायदा आहे. त्यासाठी पासपोर्ट आणि घरमालकाने सही केलेला "हा माणूस माझ्याकडे राहायला आला" असा कागद लागतो. नुसता भाडेकरार पुरत नाही. काही शहरांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून जागा ठरल्या दिवशीच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा आणि ती घेतल्याचा पुरावा जपा. त्या नोंदीनंतर काही आठवड्यांत कराचा नंबर घरी येतो. नोंदीचा कागद हातात असला की बँक आणि पगार ही पुढची गाडी सुरळीत चालते.

आरोग्य विमा सक्तीचा आहे. नोकरी असेल तर हप्त्याचा साधारण निम्मा भाग मालक भरतो. मग एक दिवस सरकारी टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं पत्र येईल, दर घरामागे महिन्याला 18.36 युरो. "माझ्याकडे टीव्हीच नाही" हे उत्तर तिथं चालत नाही. एका फ्लॅटमध्ये तिघं राहत असतील तर एकानेच भरायचं आणि वाटून घ्यायचं.

पत्र आलं की त्याच दिवशी उघडा. कळलं नाही तर मोबाइलवर भाषांतर करून बघा, तरी कळलं नाही तर सहकाऱ्याला दाखवा. पत्रात मुदत असते आणि मुदत म्हणजे मुदत. दोन छिद्रं पाडायचं पंचिंग मशीन आणि एक जाड फाइल पहिल्याच आठवड्यात विकत घ्या. तिकडे घरोघरी अशा फायलींची रांग असते.

आणखी एक सावधगिरी. मोबाइलचं सिम, जिम, इंटरनेट यांचे करार सही करताना सोपे असतात. सोडायचं म्हटलं की आधी ठरावीक मुदतीत लेखी कळवावं लागतं. पैसे भरायचं थांबवलं म्हणजे करार संपला असं होत नाही, उलट वसुलीची पत्रं सुरू होतात.

जिना, कचरा आणि खिडकी

शेजाऱ्याशी तुमचं नातं कसं राहणार, हे तुमच्या स्वभावापेक्षा या तीन गोष्टींवर ठरतं.

श्टुटगार्टच्या भागात "केअरवोखे" नावाचा प्रकार आहे. इमारतीचा जिना, दारापुढची फरशी झाडायची-पुसायची पाळी आठवड्याआठवड्याने प्रत्येक घरावर येते. एका सकाळी तुमच्या दाराच्या मुठीला दोरीने अडकवलेली छोटी पाटी दिसेल. कुणी बेल वाजवून सांगणार नाही. पाटी लटकली म्हणजे या आठवड्यात जिना तुमचा. जिना आधीच चकचकीत आहे, यात झाडायचं काय, हा प्रश्न मनात येईल. तो मनातच ठेवा. शनिवारी बादली घेऊन जिन्यात उतरा, वरून खाली पुसत या, कठडा पुसा, आणि शेवटी पाटी पुढच्या दाराला अडकवा. खालच्या मजल्यावरच्या बाई दार किलकिलं करून बघतील, "ग्र्युस गॉट" (तिकडचा नमस्कार) म्हणतील आणि दार लावून घेतील. त्या दोन शब्दांत तुमचा निकाल लागलेला असतो. आता बऱ्याच इमारतींनी हे काम सफाई कंपनीला दिलं आहे, तेव्हा भाडेकरारात आधी बघा.

कचऱ्याचे डबे निदान चार: कागदाचा, ओल्या कचऱ्याचा, पॅकिंगचा (पिवळा डबा किंवा पिवळी पिशवी) आणि उरलेल्याचा. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या टाक्यांत टाकायच्या, पांढरी, हिरवी, तपकिरी अशा रंगाप्रमाणे. आणि रविवारी टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या मात्र फेकू नका. विकत घेताना तुम्ही बाटलीमागे 25 सेंट अनामत भरलेली असते. सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये बाटली सरकवली की चिठ्ठी मिळते आणि ती बिलातून वजा होते. पुन्हा भरून वापरायच्या बाटल्यांना 8 किंवा 15 सेंट. आपल्या रद्दी-भंगारवाल्याच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला ही पद्धत पहिल्याच दिवशी आवडते.

खिडकीचं प्रकरण हिवाळ्यात समजतं. बाहेर शून्याखाली तापमान असताना दिवसातून दोन-तीन वेळा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं वारा खेळवायचा आणि परत बंद करायच्या. आपल्याला वाटतं, हीटर लावायचा आणि खिडकीही उघडायची, हा कुठला शहाणपणा? पण ती घरं इतकी बंदिस्त असतात की भाताची वाफ, अंघोळीची वाफ, वाळत घातलेले कपडे, सगळ्याचा ओलावा भिंतीतच मुरतो आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. बुरशीवरून घरमालक आणि भाडेकरू थेट कोर्टात जातात.

फोडणीबद्दल. मोहरी-हिंगाचा वास जिन्यात उतरतो आणि दोन दिवस रेंगाळतो. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट सुरू, खिडकी उघडी आणि फ्लॅटचं दार बंद ठेवा. बेडरूममध्ये आणि पॅसेजमध्ये धुराचे अलार्म लावणं तिथं कायद्यानं सक्तीचं आहे, आणि मिरचीची फोडणी त्यांना आगीसारखीच वाटते. शिवाय आपली हळद! सांगलीच्या हळदीचा एक चमचा पांढऱ्या ओट्यावर सांडला आणि रात्रभर राहिला की तो डाग निघत नाही. घर सोडताना तो अनामतीतून कापला जातो. ही अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. घर ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा आणि ओरखडा ताबा घेण्याच्या कागदावर लिहून त्यावर तुमची आणि घरमालकाची सही घ्या. घराच्या जाहिरातीतलं "काल्ट" भाडं म्हणजे नुसत्या जागेचं. हीटिंग, पाणी वगैरे धरून होतं ते "वार्म". तुलना करायची ती "वार्म"ची.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रविवारी दिवसभर शांतता: ड्रिल नको, व्हॅक्यूम क्लीनर नको. दुकानंही रविवारी बंद. बेकरी काही तास, पेट्रोल पंप, मोठ्या स्टेशनवरची दुकानं एवढीच उघडी. शनिवारी संध्याकाळी घरात दूध-ब्रेड आहे का ते बघायची सवय लावून घ्या.

"नको" आणि "बघू"

माझ्या मते नवख्या मराठी माणसाचे सर्वात जास्त गैरसमज इथं होतात, आणि कुठल्याही कोर्समध्ये हे शिकवत नाहीत.

आपल्याकडे कुणी वाढायला लागलं की आधी "नको नको, पोट भरलंय" म्हणायचं, मग यजमानाने आग्रह करायचा, मग "बरं, अर्धी" म्हणायचं. जर्मन यजमान एकदाच विचारतो. तुम्ही "नको" म्हणालात की तो म्हणतो "बरं", आणि ताटली पुढे जाते. त्याने तुमचा शब्द मानला, एवढंच. भूक असेल तर पहिल्यांदाच "हो, द्या" म्हणा. उलट बाजूने, तुमच्या घरी आलेल्या जर्मन पाहुण्याने "नको" म्हटल्यावर पानात चौथी पुरणपोळी घालू नका. तो ती संपवेल, पण कष्टाने.

दुसरं "बघू", "करतो की", "प्रयत्न करतो". आपल्या कानांना यातला नकार बरोबर ऐकू येतो. साहेबांना तोंडावर "जमणार नाही" म्हणणं आपल्याला उद्धट वाटतं, म्हणून आपण ही वाट काढली आहे. जर्मन मॅनेजर "करतो"चा अर्थ करतो असाच घेतो. शुक्रवारी काम झालेलं नसलं की तुम्ही शब्द मोडलात असं तो मानतो. सरळ "शुक्रवारपर्यंत होणार नाही, मंगळवारी होईल" म्हटलंत तर तो मान डोलावून कॅलेंडरात लिहून घेतो, विषय संपला. समजलं नसेल तरी "हो हो" म्हणून मान हलवायची सवयही अशीच घातक. दवाखान्यात तर फारच. "मला कळलं नाही, परत सांगा" यात तिथं कमीपणा मानत नाहीत.

तेही तुम्हाला असंच तोंडावर सांगतात. "हे चुकीचं केलंस" असं सगळ्यांसमोर ऐकल्यावर कानशिलं तापतात, रात्री झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस हसून कॉफी विचारतो. त्याच्यासाठी ती गोष्ट कालच संपलेली असते. टीका कामावर असते, हे डोक्याला लवकर कळतं, मनाला कळायला वर्ष लागतं.

वय, पगार, लग्न का नाही, मूल कधी, कुठल्या समाजाचे, हे प्रश्न विचारू नयेत. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला आपण कऱ्हाड यायच्या आत हे सगळं विचारलेलं असतं. तिकडे हवामान, सुट्टी आणि रेल्वेचा उशीर हे सुरक्षित विषय. हो, जर्मन रेल्वे उशिरा धावते आणि त्याबद्दल कुरकुर करायला सगळे एका पायावर तयार असतात. तुम्ही मात्र वेळेवर पोचायचं. दहाची वेळ म्हणजे दहाला पाच कमी. पाच मिनिटं उशीर होणार असेल तरी फोन करा. न कळवता कुणाच्या घरी जाऊ नका, अगदी शेजारीसुद्धा.

कामावर

नर्सेससाठी आधी लिहितो, कारण मिरजेहून जाणाऱ्यांत त्या बऱ्याच असतात. आपल्याकडे पेशंटला भरवणं, अंघोळ घालणं, कपडे बदलणं हे बहुतांश नातेवाईक करतात. सिस्टरचं काम इंजेक्शन, सलाइन, औषधं, रिपोर्ट. जर्मनीत अंघोळ, भरवणं, संडास-लघवीला नेणं हा नर्सिंगचाच गाभा मानतात, आणि इथं सिस्टर सर्रास करतात अशी सलाइनची सुई लावण्यासारखी कामं तिथं अनेक ठिकाणी डॉक्टरांकडे असतात. चार वर्षं शिकून हे करायला आले का, असं वाटून रडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. जाण्याआधी हे घरच्यांसकट नीट समजून घ्या. आणि वॉर्डातल्या म्हाताऱ्या बाईंना प्रेमाने "आजी" म्हणायची आपली रीत तिथं चालत नाही. "फ्राउ" (म्हणजे श्रीमती) आणि आडनाव, "तुम्ही"साठी आदरार्थी "झी". त्यांना आजी म्हणणं म्हणजे त्यांचं वय काढणं.

सहकाऱ्यांमध्ये "डू" म्हणजे एकेरी चालतं, पण ते वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाने सुरू करायचं. तोवर "झी". हे आपल्याला सोपं जातं, तू-तुम्ही घरातच शिकलेलो आहोत.

आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी, ड्युटी सुरू व्हायच्या आधी कळवा. आजार तीन दिवसांपेक्षा लांबला तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र कायद्याने लागतं. कराराप्रमाणे मालक ते पहिल्या दिवसापासूनही मागू शकतो. नोकरीला चार आठवडे झाले असतील तर आजारपणाचा सहा आठवड्यांपर्यंतचा पगार मालकच देतो, तेव्हा ताप अंगावर काढून कामावर जाऊ नका. सर्दी घेऊन आलात तर कौतुक होत नाही, सगळ्यांना आजारी पाडायला आलात म्हणून नाराजी होते. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षात किमान 20 दिवस पगारी रजा कायद्याने मिळते, बऱ्याच ठिकाणी करारात जास्त असते. दिवाळीला किंवा भावाच्या लग्नाला यायचं असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच रजेच्या तक्त्यात लिहून टाका. लग्नाची तारीख महिनाभर आधी ठरवणाऱ्या आपल्या घरच्यांना तेवढं समजावून सांगा.

वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो. आणि आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, अपशकुन मानतात. इतकी शिस्तीची माणसं यावर ठाम असतात, याची मला अजून गंमत वाटते.

पगार ठरतो तो कापण्याआधीचा. कर, पेन्शन, आरोग्य आणि बेकारी विमा जाऊन 3,000 युरो ठरलेल्या एकट्या माणसाच्या हातात दोन हजारांच्या आसपास पडतात. गुंठा-दोन गुंठे जागेचं बोलणं लावण्याआधी घरच्यांना हा दुसरा आकडा सांगा.

माणसं कुठं भेटतात

पाच मराठी पोरं मिळून एक फ्लॅट घेणं स्वस्त पडतं, जेवणाची सोय होते, आणि तीन वर्षांनीही जर्मन येत नाही. मी म्हणेन, पहिल्या वर्षी तरी शक्य झालं तर जर्मन किंवा मिश्र लोकांच्या फ्लॅटमध्ये खोली घ्या. आठवड्यातून एकदा आपल्या माणसांत जाऊन पिठलं-भाकरी खा, मराठीत मनसोक्त भांडा, आणि परत या.

तिथं मैत्री होते ती "फेराइन"मधून. कायद्याने नोंदणी केलेली मंडळं, नोंदणीला निदान सात सभासद लागतात, आणि कशाकशाची असतात: फुटबॉल, कोरस, बुद्धिबळ, अगदी डोंगरभटकंतीसुद्धा. गल्लोगल्ली मंडळात वाढलेल्या माणसाला हे नवं वाटू नये. वर्षाची वर्गणी बहुधा परवडणारी असते. दर मंगळवारी संध्याकाळी सातला तीच माणसं भेटतात. पहिले दोन महिने कुणी फार बोलणार नाही. पण खुर्च्या उचलायला, उत्सवात स्टॉल लावायला मदत करा. मग एक दिवस कुणीतरी घरी बोलावतं. एकदा झालेली ओळख मात्र पक्की असते, घर बदलायच्या दिवशी हाच माणूस गाडी घेऊन हजर होतो. त्या दिवशी ओळख कामाला येते, जिथं तिचं काम आहे तिथं.

कसबी माणसाला यात आपलंही काही देता येतं. तबला, हार्मोनियम, कुस्तीची तालीम झालेली असेल तर ते सांगा. मिरजेची तंतुवाद्यं माहीत असलेली माणसं तिथं संगीताच्या वर्तुळात भेटतात, आणि "मी त्याच गावचा" म्हटलं की गप्पांना विषय मिळतो.

गणपती बसवावा, मराठी मंडळांचे गणपती मोठ्या शहरांत असतात. ढोल-ताशाला वेळ आणि परवानगी दोन्ही लागतात. मूर्ती शाडूची घ्या आणि विसर्जन टबात करा, नेकार नदीत परवानगीशिवाय नको. फटाक्यांचं तर विसराच: सर्वसामान्य माणसाला ते फक्त 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीला उडवता येतात. दिवाळीत शेजाऱ्यांना चकली-लाडूची बशी द्या. घटक लिहून द्या, शेंगदाणे आणि काजू आहेत का ते आवर्जून लिहा. अ‍ॅलर्जी असणारे बरेच असतात. बशी परत येताना रिकामीच येईल. आपल्यासारखं तिच्यात काहीतरी घालून द्यायची रीत तिथं नाही, मनाला लावून घेऊ नका.

मुलं बरोबर असतील तर दोन कायदे ठाऊक हवेत: शाळा सक्तीची आहे, सुट्टी नसताना गावाला घेऊन जाता येत नाही, आणि 2000 सालापासून मुलांना मारणं, अगदी आई-बापांनीही, कायद्याने बंद आहे.

हिवाळा आणि घरचा फोन

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि भारताशी वेळेचं अंतर साडेतीन तासांचं साडेचार होतं. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. सांगलीच्या उन्हात वाढलेल्या माणसाला याचा किती त्रास होतो ते तिथं गेल्याशिवाय कळत नाही. भूक जाते, झोप वाढते, रविवार खायला उठतो. दुपारच्या उजेडात रोज बाहेर पडा, थंडीचं जाकीट-बूट चांगले घ्या, फेराइनचा मंगळवार चुकवू नका. तरीही आठवडेच्या आठवडे मन लागत नसेल तर तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन तसं सांगा. विम्यात ते बसतं आणि कामावर कुणाला कळत नाही. दवाखान्याच्या वेळेबाहेर पण जिवावर बेतलेलं नसताना डॉक्टर हवा असेल तर 116117, जिवावर बेतलं किंवा आग लागली तर 112, पोलीस 110.

घरच्यांना फोनवर "सगळं मस्त" एवढंच सांगू नका. आईला कळतंच. जेवायला काय केलं, जिना कुणी पुसला, हे सांगा; तिला त्यातून तुमचं घर डोळ्यांपुढे येतं.

वर्ष संपताना बघायच्या गोष्टी

भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स तिथं रहिवासी झाल्यापासून सहा महिनेच चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, आणि ते स्वस्त नाही. ज्यांना नोकरीसाठी गाडी लागणार त्यांनी पहिल्या महिन्यापासून पैसे बाजूला काढावेत.

तिथं राहण्याच्या कायमच्या परवान्याकडे किंवा नागरिकत्वाकडे ज्यांचं लक्ष आहे त्यांच्यासाठी "जर्मनीतलं जीवन" नावाची परीक्षा असते. 310 प्रश्नांचा संच आधीच जाहीर आहे, त्यातले 33 येतात, नागरिकत्वासाठी 17 बरोबर लागतात. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत बसलेल्या आपल्या पोरांना हे हातचं काम आहे. नागरिकत्वाचा अर्ज करण्याआधी घरात एकदा नीट बोलून घ्या: भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो आणि ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते) ये-जा करावी लागते. ओसीआयवाल्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने येणाऱ्या जमिनीचं वेगळं आहे, त्यासाठी वकिलाला विचारा, तलाठ्याच्या ओळखीवर जाऊ नका.

राहण्याच्या परवान्याची मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेळ मागा. आणि गावाकडे लांब मुक्कामाला येणार असाल, घरचं बांधकाम असो वा आईचं आजारपण, तर सहा महिन्यांच्या आत परत जा. त्याहून जास्त दिवस जर्मनीबाहेर राहिलात तर परवाना साधारणपणे आपोआप रद्द होतो. अगदीच नाइलाज असेल तर निघण्याआधी त्याच कार्यालयाकडून जास्त दिवसांची लेखी परवानगी घ्या आणि तो कागद फाइलमध्ये लावा.